'जिंकलो' म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? ऑनलाइन जुगाराच्या यशकथांचा हिशेब

दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना कुळगी लागते. जोयडा तालुक्यातलं छोटं गाव, वनखात्याचं निसर्ग शिबिर आणि चारी बाजूंनी काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. इथून एका बाजूला रामनगर-अनमोड घाटातून गोवा गाठता येतो, दुसऱ्या बाजूला खानापूर-बेळगाव करून कोल्हापूर. जुगाराच्या बाबतीत या तीन राज्यांचे कायदे वेगवेगळे. मोबाइलला मात्र राज्याची हद्द कळत नाही. रेंज आली की कुळगीच्या पोराला जो व्हिडिओ दिसतो तोच चंदगडच्या पोराला दिसतो आणि वाळपईच्याही: दोन हजार लावले, रात्रीत ऐंशी हजार झाले, हा बघा स्क्रीनशॉट, लिंक खाली आहे.

अशा कथांवर विश्वास ठेवावा का, याचं उत्तर 'सगळं खोटं असतं' एवढं सोपं नाही. काही कथा साफ बनावट असतात, काही पैसे घेऊन सांगितलेल्या असतात. पण काही अगदी खऱ्या असतात आणि जास्त घोळ त्याच करतात. म्हणून आधी खऱ्या कथांचं गणित.

मटका, ओसी आणि निकाल कुणाच्या हातात

आपल्या भागात जुगाराच्या यशकथा मोबाइलबरोबर आलेल्या नाहीत. महाराष्ट्रात ज्याला मटका म्हणतात त्याला उत्तर कर्नाटकात ओसी म्हणतात. ओसी म्हणजे ओपन-क्लोज. आकडा लावणारा, चिठ्ठी फाडणारा आणि पैसे 'खाणारा' खाईवाल, ही साखळी सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच.

या धंद्याचं मूळ मुंबईत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे तारयंत्राने मुंबईला कळायचं. त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ च्या सुमारास ही पद्धत बंद पडली. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला वरळी मटका सुरू केला. मडक्यात चिठ्ठ्या टाकून एक काढायची, म्हणून नाव मटका. पुढे मडकं गेलं आणि पत्ते आले: तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक तो निकाल. 'मटका किंग' ही पदवी खत्री यांना लोकांनीच देऊन टाकली. २०२० च्या मे महिन्यात त्यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनीही त्याच नावाने बातम्या छापल्या. १९७५ च्या 'धर्मात्मा' सिनेमातली प्रेमनाथ यांची भूमिका त्यांच्यावर बेतलेली होती, असं सर्रास सांगितलं जातं.

या इतिहासात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कापसाचा भाव न्यूयॉर्कला ठरत होता. मुंबईतल्या बुकीला तो बदलता येत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पाहून कुणालाही पडताळता येत होता. मडकं आलं तसा निकाल चालकाच्या हातात आला, तरी निदान चारचौघांसमोर काढला जायचा. आज मोबाइलवरच्या मटक्यात आकडा कुठल्या तरी सर्व्हरवर 'निघतो'. कोणत्या अंकावर किती पैसे लागलेत, हे चालकाला आकडा जाहीर करण्याआधीच दिसतं. सर्वांत कमी पैसे लागलेला अंक त्याने जाहीर केला तर ते कळायची कसलीही सोय नाही. म्हणजे साठ वर्षांत खेळ सोपा होत गेला आणि पडताळणी अवघड.

तरीही घटकाभर असं धरून चालू की खेळ शंभर टक्के प्रामाणिक आहे.

खरे जिंकणारे किती?

एका अंकावर पैसे लावायचे. दहापैकी एक अंक निघणार. जुना चालू दर एकाला नऊ, म्हणजे शंभर लावले आणि आकडा लागला तर नऊशे मिळतात. दहा वेळा खेळलं की सरासरी एकदा लागतो. हजार रुपये गेले, नऊशे आले, शंभर खाईवालाचे. जोडीचा दर एकाला नव्वद, शक्यता शंभरात एक. तिथेही दहा टक्के कापले जातात. पाना किंवा पत्ती मोठी दिसते, पण आत आणखी पोकळ आहे. तीनही अंक योगायोगाने येतात असं धरलं तर तीन सारख्या अंकांचा ठरावीक पाना हजारात एकदाच लागणार आणि जुना दर एकाला सहाशे. हजारातले चारशे तिथेच गेले.

आता शंभर माणसं घ्या. प्रत्येकाने रोज शंभर रुपये एकाच अंकावर लावले आणि असे शंभर दिवस काढले. प्रत्येकाचे दहा हजार लागले. फायद्यात राहायला निदान बारा वेळा आकडा लागायला हवा. संभाव्यतेच्या साध्या गणिताने शंभरातली जवळजवळ तीस माणसं या शंभर दिवसांनंतर खरोखर फायद्यात असतात. शंभरातली तीस! त्यांनी चोरी केलेली नाही, खोटं सांगितलेलं नाही, त्यांच्याकडे कुठला सिद्ध 'चार्ट'ही नाही. नशिबाचे चढउतार आहेत, एवढंच.

हीच शंभर माणसं हजार दिवस खेळत राहिली तर फायद्यात उरतात अकराच्या आसपास. तीन हजार डाव झाले की दोन.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. सुरुवातीच्या तीन महिन्यांत गावात चौकशी केली तर तिघांतला एक जण 'मला फायदाच झाला' असं छातीठोक सांगेल आणि ते खरं असेल. याच काळात त्याचं ऐकून चार जण नवीन सुरू करतात. त्याचा फायदा कधी संपला, हे मात्र तो चहाच्या टपरीवर येऊन सांगत नाही. जिंकलेला माणूस पार्टी देतो. हरलेला माणूस गप्प बसतो, आणि त्याची गोष्ट बाहेर येते ती फार उशिरा: सोनेतारणाची नोटीस आली, बचत गटाचा हप्ता थकला, बायकोच्या नावाचं कर्ज निघालं तेव्हा. शंभर कथा ऐकल्या असं वाटतं खरं, पण त्या शंभरही फायद्यात असलेल्यांच्याच असतात.

मोबाइलवर तर आणखी एक चाळणी लागते. दहा हजार लोकांच्या दहा हजार रात्रींपैकी जी एक रात्र विलक्षण ठरली, तिचाच व्हिडिओ होतो. 'आज बाराशे घालवले, झोपतो' असं कुणी पोस्ट करत नाही, आणि केलं तरी ते पुढे कुणी पाठवत नाही.

दहा टक्के कापणं कमी वाटतं, पण माणूस एकदा खेळून थांबत नाही. जिंकलेले पुन्हा लावतो. हजार रुपये घेऊन बसला आणि हातात राहिलेली सगळी रक्कम प्रत्येक फेरीत फिरवत गेला, तर दहा फेऱ्यांनंतर सरासरी साडेतीनशेच्या आसपास उरतात. ओसीला दिवसात ओपन आणि क्लोज असे दोनच निकाल होते. मोबाइलवर दर मिनिटाला फेरी आहे, म्हणजे पूर्वी आठवड्याला जे व्हायचं ते आता दहा मिनिटांत होतं.

'तीन दिवस लागोपाठ बरोबर आकडा दिला'

अंदाज देणाऱ्यांचं वजन वेगळंच असतं. 'आधी माझा पण विश्वास नव्हता, पण त्याने तीन दिवस फ्री आकडा दिला आणि तिन्ही लागले.' ही कथाही बहुधा खरीच असते. कशी, ते बघा.

अंदाज देणाऱ्याकडे हजार नंबर आहेत. पहिल्या दिवशी तो शंभर-शंभरांचे दहा गट करतो आणि प्रत्येक गटाला शून्य ते नऊपैकी वेगळा अंक पाठवतो. एका गटाचा अंक लागणारच. उरलेल्या नऊशेंना तो विसरतो. दुसऱ्या दिवशी त्या शंभरांचे दहा-दहांचे गट, पुन्हा दहा वेगळे अंक. तिसऱ्या दिवशी दहा जणांना दहा अंक. तीन दिवसांनंतर एक माणूस असा उरतो ज्याच्यापुढे तीन दिवस लागोपाठ चमत्कार झालेला आहे. चौथ्या दिवसाच्या आकड्यासाठी त्याच्याकडे पाच हजार मागितले तर तो देईल का नाही? या सगळ्यात अंदाज देणाऱ्याला आकड्यांचं काहीही ज्ञान लागलं नाही, लागले ते हजार मोबाइल नंबर.

क्रिकेटवर तर हे आणखी स्वस्तात होतं, कारण तिथे गट दोनच: हा संघ किंवा तो. बत्तीस जणांपासून सुरुवात केली तरी पाच सामने 'अचूक' सांगितलेला एक गिऱ्हाईक तयार होतो.

याची सोपी तपासणी म्हणजे आधीच जाहीर केलेला अंदाज मागणे. सामन्याआधी, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, न पुसता, महिनाभर. 'काल मी सांगितलं होतं' याला काडीची किंमत नाही. अशा ठिकाणी चुकलेले संदेश डिलीट करून बरोबर ठरलेले तेवढे ठेवणं दोन सेकंदांचं काम आहे.

सांगणाऱ्याला काय मिळतं?

यशकथेची खरी कळ इथे आहे. लिंक देणाऱ्याला कमिशन असतं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ते कमिशन कशावर असतं, हे कमी जणांना माहीत असतं. जगभरातल्या ऑनलाइन जुगार कंपन्यांमध्ये दोन पद्धती रूढ आहेत: आणलेल्या प्रत्येक नवीन खेळाडूमागे ठरावीक रक्कम, किंवा त्या खेळाडूकडून कंपनीला जे निव्वळ मिळतं त्यातला हिस्सा. कंपनीला निव्वळ मिळतं म्हणजे खेळाडूचं जातं. दुसऱ्या पद्धतीत 'भाऊ, माझ्या लिंकवरून ये' म्हणणाऱ्याची कमाई समोरच्याच्या हरण्यावरच चालते. तो स्वतः जिंकतो का हरतो, याच्याशी तिचा संबंध नसतो.

अमेरिकेत २०१७ मध्ये यावर एक प्रकरण झालं. ट्रेव्हर मार्टिन आणि थॉमस कॅसेल हे दोघे यूट्यूबवर फार लोकप्रिय होते. 'सीएसगो लोटो' नावाच्या साइटवर आपण खेळतो आणि कसे जिंकतो, याचे व्हिडिओ ते टाकत. पाच मिनिटांत १३ हजार डॉलर कसे जिंकावेत, अशा थाटाचे मथळे. ती साइट त्यांच्याच मालकीची होती, हे प्रेक्षकांना सांगितलेलं नव्हतं. शिवाय इतर व्हिडिओवाल्यांना त्यांनी अडीच हजारांपासून ५५ हजार डॉलरपर्यंत पैसे दिले होते आणि साइटबद्दल वाईट बोलायचं नाही, ही अट करारातच घातली होती. तिथल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या संघीय व्यापार आयोगाने कारवाई केली; व्यक्तिगत इन्फ्लुएन्सरवर अशी तक्रार दाखल होण्याची ती पहिलीच वेळ. करारातली ती अट लक्षात ठेवावी अशी आहे. शंभर लोक चांगलं बोलतात आणि एकही वाईट बोलत नाही, याचं कारण तसे पैसेच दिलेले असतात, असंही होऊ शकतं.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण जुगाराचं नाही, शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचं आहे, पण गोष्ट तीच. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने नासिरुद्दीन अन्सारी शेअर बाजाराचे कोर्स विकत आणि मोठ्या नफ्याचे दावे करत. सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. त्यात नोंद अशी की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्यांना स्वतःला ट्रेडिंगमध्ये जवळपास २ कोटी ९० लाखांचा तोटा झाला होता, तर कोर्सच्या नावाखाली लोकांकडून १७ कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली होती. लोकांना नफ्याचेच स्क्रीनशॉट दाखवले गेले, हेही सेबीने नोंदवलं. मराठी प्रेक्षकांत मोठं नाव असलेल्या पुण्याच्या एका शेअर मार्केट क्लासवरही सेबीने एप्रिल २०२४ मध्ये अंतरिम आदेश काढून १२ कोटींहून जास्त रक्कम वेगळी ठेवायला लावली होती.

त्याच सेबीचा सप्टेंबर २०२४ मधला अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटींच्या वर. इथे नियामक आहे, प्रत्येक सौद्याची नोंद आहे, निकाल बाजारात ठरतो, तरी ही गत. बेकायदा ॲपची तर अशी मोजणी करायला कुणाकडे नोंदच नाही.

स्क्रीनशॉटमध्ये काय नसतं

पैसे जमा झाल्याचं चित्र बनवून देणारी ॲप मिळतात. पण बनावट चित्राची गरजच पडत नाही. खरा स्क्रीनशॉटही फसवू शकतो. त्यात 'आले' एवढंच असतं, 'गेले' कधीच नसतं. आज ४५ हजार आले. गेल्या तीन महिन्यांत ७० हजार गेले, ते दुसऱ्या पानावर आहे आणि ते पान कुणी दाखवत नाही. वॉलेटमधला आकडा तर पैसाच नव्हे. त्यात बोनस धरलेला असतो, आणि बोनस काढायचा तर अमुक पट खेळलंच पाहिजे अशी अट असते. बँकेत जोवर येत नाही तोवर तो पडद्यावरचा आकडा.

म्हणून जिंकल्याची कथा सांगणाऱ्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच: सहा महिन्यांचं बँकेचं पूर्ण स्टेटमेंट. जमा आणि नावे, दोन्ही बाजू. जवळचा माणूस असेल, मामेभाऊ असेल, तर तेही दाखवायला तो का-कू करतो. बऱ्याचदा लपवायचं म्हणून नव्हे, त्याने स्वतःच कधी बेरीज मारलेली नसते. लागलेले डाव तारखेसकट आठवतात, गेलेले 'असेच थोडे' म्हणून विसरले जातात. अशा माणसाची कथा प्रामाणिक असते आणि चुकीचीही.

करावरूनही पारख होते. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापून घ्यायचा नियम लागू झाला. कर कापला की त्याची नोंद माणसाच्या पॅनवर, आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसते. वर्षाला वीस लाख जिंकतो म्हणणाऱ्याच्या पॅनवर कराचा रुपयाही नसेल, तर एक तर पैसे आले नाहीत किंवा ज्या रस्त्याने आले तो रस्ताच काळा आहे. आणि उलट बाजूने: 'तुम्ही तीन लाख जिंकलात, काढण्यासाठी आधी तीस हजार टॅक्स भरा' असा निरोप आला की ती फसवणूक. जिंकलेल्या पैशांतून कर कापला जातो. वरून आणून भरायला कुणी सांगत नाही.

पहिला विजय हेच आमिष

जुलै २०२३ मध्ये नागपुरात एक प्रकरण गाजलं. एका व्यापाऱ्याने तक्रार दिली की गोंदियातल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला ऑनलाइन जुगाराची लिंक दिली. खात्यात आठ लाख जमा दिसले, त्याने खेळायला सुरुवात केली. सुरुवातीला जिंकत गेला. मग हरायला लागला. तक्रारीनुसार त्याने सुमारे पाच कोटी जिंकले आणि ५८ कोटी घालवले. पोलिसांनी आरोपीच्या गोंदियातल्या घरावर छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि काही किलो सोनं सापडलं.

५८ कोटी हा आकडा सामान्य माणसाला परका वाटेल. पण शेवटून चार शून्यं काढली की घडी तीच राहते: पाच हजार जिंकतो, ५८ हजार घालवतो. या प्रकरणात विश्वास बसला तो कुणाच्या व्हिडिओवर नव्हे. स्वतःच्या सुरुवातीच्या विजयावर बसला. परक्याची यशकथा संशयाने ऐकणारा माणूसही आपल्याच मोबाइलवर आलेले पैसे खोटे कसे मानेल? फसव्या ॲपमध्ये पहिले पाचशे-हजार लगेच काढू देतात, ते यासाठीच. तो माणूस मग स्वतःच चार जणांना सांगतो, 'मी काढलेत, येतात पैसे'. फुकटात एक प्रामाणिक प्रचारक तयार होतो.

अशा ॲपमध्ये पैसे भरायचे क्रमांकही ओळख देतात. दर दोन दिवसांनी वेगळा यूपीआय, वेगळ्याच माणसाच्या किंवा किराणा दुकानाच्या नावाचं खातं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. 'तुझं खातं वापरायला दे, महिन्याला दहा हजार देतो' अशी विचारणा गावातल्या पोरांनाही होते. खातं देणारा हा जुगाऱ्यापेक्षा मोठ्या अडचणीत येतो, कारण तपासाचा पहिला धागा त्याच्याच दारात येऊन थांबतो.

तीन राज्यं, वेगवेगळे नियम

कारवार जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध आजही १८८७ चाच मुंबईचा कायदा चालतो. कर्नाटकात १९६३ चा पोलीस कायदा आहे. ओसीचे गुन्हे त्याखालीच नोंदले जातात. ऑनलाइन जुगारासाठी कर्नाटकाने २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती केली, पण १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने तिच्यातला महत्त्वाचा भाग रद्द ठरवला. कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद आहे, महाराष्ट्रात राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. गोव्यात परवानाधारक कॅसिनो कायदेशीर. पण मांडवीतल्या त्या जहाजांवर स्थानिक गोवेकरांना खेळायला बंदी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून ती अमलात आणल्याचं सरकारने जाहीर केलं. अनमोड घाट उतरून जाणाऱ्या कर्नाटकच्या माणसाला जहाज खुलं आणि पणजीच्या माणसाला बंद! ज्या सरकारला कॅसिनोतून महसूल मिळतो, त्याने स्वतःच्या लोकांना दूर ठेवावं, यातून कॅसिनोबद्दल बरंच काही कळतं.

या सगळ्यावर २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला. संसदेने ऑगस्टमध्ये विधेयक मंजूर केलं, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा म्हणा की नशिबाचा, पुरवायला त्यात बंदी आहे. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. त्यानंतर ड्रीम-११ सारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि कायद्याला कोर्टात आव्हानंही दिली गेली. विधेयक मांडताना सरकारने दिलेला अंदाज असा की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटींच्या वर रक्कम गमावतात.

यशकथांच्या दृष्टीने यातला जाहिरातीचा भाग महत्त्वाचा. याआधी जाहिरात मानक परिषदेची डिसेंबर २०२० पासूनची नियमावली होती: असा खेळ म्हणजे कमाईचं साधन किंवा नोकरीला पर्याय आहे असं दाखवायचं नाही. ती मुख्यतः उघड जाहिरातींसाठी. आता लिंक देऊन 'मी जिंकलो' सांगणं ही जाहिरात ठरली, तर सांगणाऱ्यावरच गुन्ह्याची टांगती तलवार आहे. तरीही जो बिनधास्त सांगतो, तो बहुधा देशाबाहेर बसलेला असतो किंवा नाव-चेहरा खोटा वापरत असतो. मोठ्या कंपन्या बाजूला झाल्यावर जी ॲप एपीके फाइल पाठवून उतरवून घ्यायला सांगतात, त्यांच्या यशकथा तर आणखी जपून वाचाव्यात.

एक पूर्ण खरी कथा

केरळ राज्य लॉटरीच्या २०२४ च्या ओणम बंपरचं २५ कोटींचं पहिलं बक्षीस कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातल्या माणसाला लागलं. तिकीट ५०० रुपयांचं. ही कथा तपासता येते: तिकिटाचा क्रमांक जाहीर, सोडत जाहीर, बक्षीस सरकारी, एजंटचं कमिशन आणि ३० टक्के कर किती कापला तेही जाहीर. यशकथा विश्वासार्ह असणं म्हणजे काय, याचा हा नमुना.

पण त्या सोडतीची सत्तर लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली होती. पहिलं बक्षीस एकच. कथा शंभर टक्के खरी, आणि 'म्हणजे मलाही लागेल' हा तिच्यातून काढलेला अर्थ सत्तर लाखांत एक. सांगणारा खरं बोलतोय का, आणि ते खरं असलं तरी आपल्या उपयोगाचं आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं 'हो' मिळालं की दुसरा विचारायचा राहून जातो.

पैसे गेले असतील तर

फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ॲप काढून टाकण्याआधी व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, ज्या खात्यांवर पैसे पाठवले त्यांची नावं, लिंक पाठवणाऱ्याचा नंबर आणि चॅट जपून ठेवावेत. घाबरून सगळं डिलीट केलं की तपासाला काही उरत नाही. राहायला जोयड्यात, पैसे गेले गोव्यात काम करताना आणि खातं महाराष्ट्रातलं, असं असलं तरी नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. 'मी जुगार खेळलो म्हणून मलाच धरतील' या भीतीने बरेच जण गप्प बसतात. केंद्राच्या २०२५ च्या कायद्यात शिक्षा पुरवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे. खेळून फसलेल्याला नाही.

खेळणं थांबवता येत नसेल, झोप उडाली असेल, कर्ज लपवून ठेवलं असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठी, कन्नड, कोकणी यांसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.